फाइल तिथेच होती

मित्रांनो, फाइल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे फीत बांधलेले पुठ्ठ्याचे बाड येत असेल. मी तशी नाही. मला हातात धरता येत नाही की कपाटात ठेवता येत नाही. मी संगणकातली एक जुनी, लहानशी फाइल आहे. उघडून पाहिलेत तर आत मूठभर ओळी दिसतील. चित्र नाही, रंग नाही. माझ्या जातीला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र साधे. प्रोग्रॅमने कसे वागायचे, ते मी त्याला सांगते. निदान माझी समजूत तरी तशी होती.

माझे घर एका रुग्णालयात आहे, आईच्या दुधाच्या पेढीत. काही बाळे वेळेआधी जन्मतात, काहींच्या आयांना दूध येत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या आया आपले दूध देऊन जातात. ते तपासून, बाटल्यांत भरून गोठवून ठेवतात. भिंतीला लागून फ्रीझर उभे आहेत, खिडकीपाशी टेबल आहे, टेबलावर संगणक आणि संगणकात मी. पेढीचा सगळा कारभार एका बाईंकडे. रुग्णालयात त्यांना सगळे मॅडम म्हणतात. पण मला लिहिले त्यांच्या धाकट्या भावाने, आणि तो त्यांना ताई म्हणायचा. म्हणून माझ्याही तोंडी ताईच बसले.

भावाचे घरातले नाव खटपट्या. लहानपणी घड्याळ म्हणू नका, विजेरी म्हणू नका, हाताला लागेल ते तो उघडून बसायचा आणि पसारा आवरायचे काम ताईच्या गळ्यात पडायचे. पुढे तो जावा भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकला. फ्रीझर बंद पडला तर पेढीत कुणी नसताना कळणार कसे, ही ताईची नेहमीची काळजी. त्याने आपण होऊन एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक फ्रीझरमधला तापमापक संगणकाला जोडला. थंडावा कमी झाला की प्रोग्रॅमने फोन करायचा.

"बघ, झालं," तो हात झटकत म्हणाला. "आता निवांत झोप."

ताईने पडद्याकडे पाहिले. "फोन कुणाला करणार हा?"

"पेढीतल्या तंत्रज्ञकाकांना. तूच म्हणालीस ना, ते रुग्णालयाला लागूनच राहतात म्हणून. नंबर आत लिहून टाकलाय."

"आत म्हणजे?"

"प्रोग्रॅमच्या आत. सगळं मिळून एक गाठोडं बांधतात. त्याला जार म्हणतात. बिस्किटांचा नव्हे, जावाचा."

"आणि उद्या काकांचा नंबर बदलला तर?"

"मला सांग. मी गाठोडं सोडीन, नंबर बदलीन, पुन्हा बांधीन."

"तू गावाला गेलास तर? आजारी पडलास तर? एवढ्याशा नंबरासाठी मी तुझ्या मागे पळत बसू का?" ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जे बदलणारं आहे ते आत कशाला कोंबतोस रे? माझ्या हाताला लागेल असं ठेव ना कुठेतरी."

खटपट्याने डोके खाजवले. मग खुर्ची ओढून बसला आणि त्याने मला लिहिले. कोणत्या फ्रीझरला किती थंडी हवी, किती वेळ वाट पाहायची, फोन कुणाला करायचा, हे सारे त्याने प्रोग्रॅममधून उचलले आणि माझ्या स्वाधीन केले. मला जारच्या शेजारी, पण जारच्या बाहेर ठेवले. प्रोग्रॅम सुरू करायच्या आज्ञेत माझा पत्ता लिहिला, म्हणजे सुरू होताच त्याने आधी माझ्याकडे यायचे.

"ही फाइल तुझी," तो ताईला म्हणाला. "मी नवा जार आणीन, जुना फेकून देईन, पण हिला हात लावणार नाही. ही कायम बाहेरच राहील, तुझ्या हातात. शब्द देतो."

मित्रांनो, त्या शब्दावर मी जगले.

ती वर्षे सुखाची होती. प्रोग्रॅम सुरू झाला की पहिल्यांदा माझ्यापाशी यायचा, माझी ओळ न् ओळ वाचायचा आणि मगच कामाला लागायचा. मोठा काटेकोर होता तो. एकदा ताईने घाईघाईत आकड्याच्या जागी अक्षर लिहिले, तर पठ्ठ्या सुरूच होईना. ताईने घाबरून खटपट्याला फोन केला. तो पोट धरून हसला. "अगं, तो हट्टी आहे म्हणूनच भरवशाचा आहे. फाइल सापडली नाही किंवा चुकीची असली, तर तो जागचा हलणार नाही." ताईने अक्षर खोडले, आकडा लिहिला आणि तो सुरू झाला. त्या दिवसापासून तिची भीती मोडली. नवा फ्रीझर आला, तिने माझ्यात एक ओळ वाढवली. उन्हाळ्यात दार जास्त वेळा उघडावे लागे, तेव्हा तिने वाट पाहायची वेळ बदलली. कुणाची परवानगी नाही, कुणाची मनधरणी नाही. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आल्या नि गेल्या. जुना जार जायचा, नवा यायचा, मी जागेवरच. दुसऱ्या रुग्णालयातले लोक पेढी बघायला येत, तेव्हा ताई मला उघडून दाखवायची. "हे बघा, इथे एक ओळ बदलली की झालं. संगणकवाल्यांच्या विनवण्या नकोत." तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

दूध द्यायला येणाऱ्या बायकांमध्ये एक शिवणकाम करणारी होती. तिचे बाळ इथल्याच वॉर्डात जन्मले आणि इथेच गेले. ताईने तिला बसवून घेतले, पाणी दिले, तेव्हा ती म्हणाली होती, "पाळणा उचलून ठेवला हो, पण दूध थांबत नाही. सांडून तरी कशाला टाकू?" ती नेमाने यायची. तिच्या बाटल्या सर्वांत मागच्या फ्रीझरमध्ये होत्या. त्या फ्रीझरची ओळ माझ्यात शेवटची होती. त्या ओळीवर माझा जरा जास्त जीव होता.

मग खटपट्याला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. त्याचा प्रोग्रॅम कंपनीला आवडला आणि तो आणखी पुष्कळ रुग्णालयांना द्यायचे ठरले. ताईने सगळ्या मजल्यावर पेढे वाटावेत तशी ही बातमी वाटली. भाऊ मार्गाला लागला, यापलीकडे तिला काय हवे होते?

काही दिवसांनी तो नवी आवृत्ती घेऊन आला. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणे तुटक. ताई बाटल्या मोजत फ्रीझरपाशी उभी होती. त्याने मला उघडले, माझा सगळा मजकूर उतरवून घेतला आणि नव्या जारमध्ये ठेवून दिला. मी मनात म्हटले, जपून ठेवायला माझी एक प्रत काढतोय. किती भोळी मी! मग त्याने प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा काढली आणि तिच्यातला माझा पत्ता खोडला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे तोंड करून दबक्या आवाजात बोलला, "हो साहेब. आता सगळं आतच आहे. बाहेरच्या फाइलींची भानगड नाही. काही बदलायचं असेल तर ते आपल्याला कळवतील."

साहेबांचेही अगदीच चुकत नव्हते. कुठल्याशा रुग्णालयात कुणीतरी बाहेरची फाइल पुसून टाकली होती म्हणे, आणि त्याचा ताप कंपनीला झाला होता. म्हणून सगळे आत बांधायचा हुकूम निघाला होता. पण तो हुकूम ताईला सांगायला नको होता का?

ताई हात पुसत टेबलापाशी आली. "झालं का रे? माझी फाइल आहे ना तिथेच?"

खटपट्याने एक क्षण पडद्याकडे पाहिले. त्याला आपला शब्द आठवला असणार. ताई चिडेल, भांडेल, साहेबांना फोन लावायला सांगेल, हेही दिसले असणार.

"आहे गं," तो म्हणाला. "तिथेच आहे."

मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. मी तिथेच होते.

तो गेला. प्रोग्रॅम सुरू झाला. मी सवयीने तयार होऊन बसले. तो आला नाही. जारच्या पोटात माझी जी नक्कल होती, ती त्याने वाचली आणि कामाला लागला. माझ्याकडे त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही. त्याचा दोष नाही, हे मला कळते. जिकडे बघायला सांगितले, तिकडे त्याने बघितले. तरी खरे सांगू? मला सर्वांत जास्त राग त्याचाच आला. इतकी वर्षे एकत्र घालवली आणि इतक्या सहज पाठ फिरवली.

पुढे तंत्रज्ञकाका निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि त्यांचा इथला फोन बंद झाला. पेढीतली नर्स रुग्णालयाच्याच आवारात राहायची. ताई तिला म्हणाली, "आजपासून गजर तुझ्या फोनवर. फोन बंद ठेवायचा नाही हं." मग तिने मला उघडले, काकांचा नंबर पुसला, नर्सचा लिहिला, आकडे बोटाने पुन्हा ताडून पाहिले, मला सेव्ह केले आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. सगळे अगदी रीतसर. प्रोग्रॅम काहीच कुरकुर न करता सुरू झाला, तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला.

माझा मात्र कासावीस झाला. माझ्यात लिहिलेले सगळे बरोबर होते आणि ते कुणी वाचत नव्हते. मी ओरडले असते. पण फाइलला तोंड असते का?

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मागच्या फ्रीझरची घरघर थांबली. पेढीला कुलूप होते. प्रोग्रॅमने ते लगेच ओळखले. वाट पाहायची तेवढी पाहिली आणि फोन लावला. काकांच्या बंद पडलेल्या नंबरावर. उत्तर नाही. पुन्हा लावला. पुन्हा तोच. आपल्या परीने तो इमानदारीने धडपडत होता. भिंतीपलीकडे, आवारातल्या आपल्या खोलीत नर्स फोन हाताशी घेऊन बसली होती. तिचा नंबर माझ्यापाशी होता, आणि माझ्याकडे कुणी येत नव्हते.

सकाळी ताईने कुलूप उघडले तेव्हा फ्रीझरखाली पाणी साचले होते. तिने एक बाटली हलवून पाहिली. दूध डचमळले. मग टेबलापाशी येऊन तिने मला उघडले, नर्सचा नंबर जागेवर आहे ना ते पाहिले आणि भांबावून मला पुन्हा एकदा सेव्ह केले. त्यामुळे माझ्यावर तारीख पडली ती त्याच दिवसाची.

रुग्णालयाचे मोठे डॉक्टर पेढीच्या खोलीतच आले. खटपट्याला कंपनीने पाठवले. त्याने प्रोग्रॅमची नोंद काढून पाहिली.

"प्रोग्रॅमने फोन केला होता," तो म्हणाला. "पण नंबर जुना होता."

"मी बदलला होता," ताई म्हणाली. "हे बघा ना फाइलमध्ये."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिले. "ही तर आज सकाळी बदललेली दिसतेय, मॅडम."

"सकाळी मी फक्त उघडून पाहिली हो! नंबर आधीच बदलला होता. अरे, तू सांग ना यांना." ताई भावाकडे वळली.

डॉक्टरांनीही त्याच्याकडे पाहिले. "नंबर बरोबर ठेवायचं काम कुणाचं असतं? तुमचं की आमचं?"

त्या घटकेला एक वाक्य पुरेसे होते. खटपट्याचे बोट कळफलकाच्या कडेवरून फिरत राहिले. मान वर न करता तो म्हणाला, "ते... इथल्या लोकांनी बघायचं असतं, सर."

मोठ्या डॉक्टरांनी पेढीच्या किल्ल्या मागितल्या. चौकशी संपेपर्यंत त्यांच्याकडे राहतील, म्हणाले. ताईने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खटपट्या पिशवी उचलून निघून गेला. तिने त्याला हाक मारली नाही.

नंतर खोलीत ती आणि नर्स दोघीच उरल्या. नर्स डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझा नंबर लिहिलात ते मी पाहिलंय. आकडे मीच तर सांगितले."

"मग तो वाचला का नाही याने?" ताई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. तिने मला उघडले आणि एकदम माझ्यातला सगळा मजकूर पुसून तिथे वाटेल ते लिहिले. कखग, चछज, काहीही. नर्स घाबरली. ताईने प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा चालू केला.

एका चुकीच्या अक्षराने अडून बसणारा तो, एवढा कचरा उशाला असताना गुणी मुलासारखा सुरू झाला.

ताई खुर्चीत बसली. तिला कळले. तिने फोन लावून टेबलावर ठेवला.

"तू म्हणालास, फाइल तिथेच आहे."

"ताई, फाइल होती तिथेच."

"होती रे. पण वाचत कोण होतं?"

"साहेबांचा हुकूम होता. मला वाटलं, पुढच्या खेपेला निवांत सांगेन तुला."

"आणि आज? सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा तरी?"

"नोकरी गेली असती गं माझी."

"माझी गेली तर चालणार होतं?"

ताईने फोन ठेवला. तिचा आवाज एकदाही चढला नव्हता, आणि त्याचेच मला फार वाईट वाटले.

तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणले आणि त्यांच्यासमोर तोच प्रकार पुन्हा करून दाखवला. डॉक्टर खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. "म्हणजे आपण इथे जे लिहीत होतो, ते कुणी वाचतच नव्हतं?" त्यांनी खिशातून किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या. "माझं चुकलं, मॅडम. पण हे कंपनीला लेखी कळवावं लागेल. तुमच्या भावाचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या," ताई म्हणाली.

शिवणकाम करणारी बाई नेहमीच्या वारी आली, पिशवीत बाटल्या घेऊन. ताईने तिला दुसऱ्या कुणाकडून कळू दिले नाही. समोर बसवून स्वतः सांगितले. "कुणी मुद्दाम केलं का?" तिने विचारले.

"मुद्दाम नाही. पण जे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही."

बाईने हातातल्या पिशवीचे बंद सारखे केले. "मला वाटलं होतं, इथे तरी सांडणार नाही," ती म्हणाली. आणलेल्या बाटल्या ठेवून गेली. त्यानंतर मात्र आली नाही.

शेवटी कंपनीने खटपट्यालाच दुरुस्तीसाठी पाठवले. नोकरी गेली नव्हती, पण चेहऱ्यावरची इस्त्री गेली होती. त्याने जारमधली नक्कल काढून टाकली. सुरू करायच्या आज्ञेत माझा पत्ता पुन्हा लिहिला. मी सापडले नाही तर प्रोग्रॅमने अडून बसायचे, हेही पूर्ववत केले. ताईने माझ्यात सगळ्या ओळी नव्याने लिहिल्या होत्या. प्रोग्रॅम सुरू झाला आणि कितीतरी दिवसांनी माझ्यापाशी आला.

"झालं, ताई," तो हळूच म्हणाला. "बघ, परत तुझ्या हातात आहे. पूर्वीसारखं."

ताईने त्याला बाजूला व्हायला खुणावले. स्वतः बसली. एक आकडा चुकवून पाहिला, प्रोग्रॅम अडला. दुरुस्त केला, चालू झाला. मग एका फ्रीझरचा तापमापक बाहेर काढून ठेवला आणि नर्सचा फोन वाजेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. फोन वाजला. तिने तापमापक आत ठेवला, दार लावले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "काम झालं असेल तर तुम्ही निघा. उशीर होईल तुम्हाला."

तुम्ही. जन्मापासून ज्याला तिने अरे-तुरे केले, त्याला. नर्सने चमकून वर पाहिले. खटपट्याला बहुधा ओरडा हवा होता, शिव्या हव्या होत्या. त्या तो सोसू शकला असता. तो दारात थोडा थांबला आणि मग गेला.

आता माझे दिवस बरे आहेत. प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी माझ्याकडे येतो, मला वाचतो. मीही त्याला सगळे सांगते. पण पूर्वीचा मोकळेपणा नाही राहिला. तो येईपर्यंत धाकधूक असते. ताईलाही असावी, कारण ती आता दर आठवड्याला तापमापक काढून फोन वाजतो का ते पाहते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी प्रोग्रॅम लिहाल, कुणी रुग्णालय चालवाल. माझे एवढेच मागणे आहे. जे वारंवार बदलणार आहे ते गाठोड्याच्या आत कोंडू नका. ज्यांना ते बदलावे लागते, त्यांच्या हाताशी ठेवा. आणि कधी कारणपरत्वे ते त्यांच्या हातून काढून घ्यावे लागलेच, तर तोंडावर सांगून घ्या. भांडण होईल, होऊ द्या. मी नको असेन, तर मला पुसून टाका. त्याचे मला दुःख नाही. पण मला तिथेच ठेवून, वाचायचे तेवढे सोडून देऊ नका.